जबडा, सुपारी आणि आबांची कवळी

लातूरला माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी बहुतेक मुलं मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी. झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, गावाकडची आठवण येते, या तक्रारी ठरलेल्या. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडलीय: "मॅडम, चावून चावून चेहऱ्याचा आकार बदलतो का?" विचारणारे जवळपास सगळे मुलगे. मुली मुरुमांबद्दल बोलतात, मुलगे जबड्याबद्दल.

ज्याची गोष्ट सांगतेय तो औसा तालुक्यातला, 18 वर्षांचा, रिपीटर, म्हणजे परीक्षेला पुन्हा बसणारा. ओळख पटेल असे तपशील बदललेत. पहिल्यांदा आला तेव्हा श्रावण होता. क्लासमधल्या टेस्टचे मार्क घसरले म्हणून आई घेऊन आली होती. आईला बाहेर बसवलं तरी दहा मिनिटं तो खाली बघत बसला. मग फोन पुढं केला. त्यात त्याचेच फोटो, सगळे एका बाजूने काढलेले, त्याच भिंतीसमोर, दर रविवारी एक. लांबोडा चेहरा, हनुवटी जराशी मागे, ओठ किंचित उघडे. होस्टेलवर पोरं त्याला 'घोडा' म्हणायची. एका रीलवर बघून त्याने चघळायचा रबरी गोळा मागवला होता आणि रोज दीड तास तो चावत होता. आवाज येतो म्हणून रूममधल्या पोरांनी तक्रार केली, रेक्टरांनी गोळा काढून घेतला.

आणि मी काय म्हणाले? "अरे, दिसण्यात काय असतं, आधी परीक्षा होऊ दे." त्याने फोन खिशात घातला आणि उरलेला वेळ "हो मॅडम, बरं मॅडम" एवढंच. इतकी वर्षं हे काम करूनही असलं वाक्य तोंडातून जातं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याने साधा प्रश्न विचारला होता, त्याला उत्तर होतं आणि ते मी दिलं नाही.

दसरा झाल्यावर तो परत आला, या वेळी आजोबांबरोबर. मेसमध्ये जेवता येत नव्हतं. कानशिलं ठणकायची, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असायचा. मी त्याला हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. मोठ्या माणसाच्या तोंडात साधारण तेवढी मावतात. त्याची दोनच गेली, तीही कशीबशी.

आपल्याकडे पोराचं तोंड उघडत नाही म्हटलं की पहिला संशय गुटख्याचाच येतो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती आहे हे कुठल्याही पानटपरीवर उभं राहिलं की कळतं. नुसती सुपारीही तेच करते. आधी तिखट लागलं की आग होते, मग गालाची आतली कातडी पांढुरकी पडते, मग ताठ होते. ताठ झालेली कातडी आपोआप पुन्हा मऊ होत नाही, आणि पुढे कॅन्सरची भीती राहतेच. आबांना बाहेर चहाला पाठवून मी सरळ विचारलं.

"खातो," तो म्हणाला. "पण नशेसाठी नाही मॅडम. गोळा गेला ना. सुपारी कडक असती म्हणून."

दीड महिना, सकाळपासून रात्रीपर्यंत, जबडा कमवायला सुपारी. मला काही क्षण बोलायलाच सुचेना.

दंतवैद्यांनी बघितलं. कातडी अजून मऊ होती, ताठ पट्टे आले नव्हते. थकला होता तो स्नायू, आणि कानापुढचा सांधा दुखावला होता. सुपारी कायमची बंद, काही दिवस मऊ जेवण, गरम शेक. तेव्हा कुठे मी त्याच्या पहिल्या प्रश्नाकडे वळले. आबाही तिथेच बसले होते आणि त्यांचं मत तयारच होतं.

"आमच्या वक्ताला कुठलं मऊ होतं? वाळली भाकर दातानं तोडायची, ऊस दातानंच सोलायचा. ह्यांला पाव अन् मॅगी. दाताला कामच नाही, मग जबडा कसा भरंल?"

आबा अर्धे बरोबर होते. वाढीच्या वयात काय आणि किती जोर लावून चावलं, याचा चेहऱ्याच्या हाडांवर परिणाम होतो. 2004 मध्ये मानवी उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी हायरॅक्स नावाच्या छोट्या प्राण्यांची पिल्लं दोन गटांत वाढवली. एका गटाला शिजवलेलं मऊ अन्न, दुसऱ्याला कच्चं आणि वाळलेलं. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग सुमारे 10 टक्के कमी वाढला. पण ती पिल्लं होती. वाढ संपत आली की चावून हाड लांब होत नाही, हनुवटी पुढे सरकत नाही. जाड होतो तो स्नायू. मॅसेटर म्हणतात त्याला. गालाच्या हाडापासून जबड्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा. दात आवळले की कानाखाली हाताला टणक लागतो तो. तो जाड झाला तर चेहरा कानाखाली रुंद दिसतो. हनुवटी होती तिथेच राहते.

म्हणजे दीड महिन्याच्या सुपारीतून त्याला हवं ते मिळणारच नव्हतं. हे ऐकून तो नाराज झाला, पण पहिल्यांदाच त्याने पुढचा प्रश्न विचारला. "मग माझं चावणं कमी पडलं म्हणून चेहरा असा झाला का?"

चेहरा आणि चावा यांचं नातं खरंच आहे. आखूड, चौकोनी चेहऱ्याच्या माणसाचा चावा सहसा जोरकस, लांबोड्या चेहऱ्याच्या माणसाचा कमी. याचं एक कारण अडकित्त्यात दिसतं. सुपारी आपण पात्याच्या टोकाला धरत नाही, बिजागरीजवळ धरतो, कारण तिथे जोर जास्त बसतो. जबड्याची बिजागरी कानापुढे; म्हणून दाढांत जोर जास्त आणि पुढच्या दातांत कमी. लांबोड्या चेहऱ्यात जबडा खालच्या बाजूला तिरका उतरतो, स्नायूची ओढ तितकी सोयीची बसत नाही आणि स्नायूही सहसा बारीक असतो.

पण आधी काय, चेहरा की चावा? अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्याची ठेवण सुधारणारे दंतवैद्य, विल्यम प्रॉफिट यांच्या गटाने 1983 मध्ये चाव्याचा जोर मोजला. लांब चेहऱ्याच्या मोठ्या माणसांचा जोर इतरांच्या जवळपास निम्मा भरला. लहान मुलांत मात्र लांब चेहरा असो की नेहमीचा, जोर सारखाच. म्हणजे चावा दुबळा होता म्हणून चेहरा लांब झाला, असं धरता येत नाही. चेहऱ्याची ठेवण आधीच दिसते. इतरांचा चावा वयात येताना वाढतो, यांचा तेवढा वाढत नाही.

"आबा, याच्या मामाचा चेहरा कसा आहे?" मी विचारलं.

"ह्याच्यासारखाच की. सगळे लांबतोंडे." ते हसले आणि तोंडापुढे हात धरून त्यांनी कवळी सावरली.

मला राहवलं नाही. म्हटलं, आबा, राग येणार नसेल तर कवळी जरा काढून दाखवता का? त्यांनी रुमालात काढून ठेवली. चेहरा एकदम आखूड झाला. गाल आत गेले, ओठ दुमडले, हनुवटी नाकाकडे चढली. नातू बघतच राहिला. घरात रोज असणारं तोंड त्याने बहुधा असं कधी निरखलं नव्हतं. चेहऱ्याचा खालचा भाग उभा राहतो तो दातांच्या आधारावर. ते गेले की दोन्ही जबडे जवळ येतात, आणि दात धरून ठेवणारं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं. वाळली भाकर, ऊस, भरलेला जबडा, सगळं असून दातच गेल्यावर चेहरा हा असा.

"तंबाखूनं खाल्ले," आबा बोळक्या तोंडाने म्हणाले. "उसानं न्हाई." आणि कवळी परत बसवली.

एक गोष्ट मात्र उरली होती. त्याचे ओठ नेहमी उघडे का? विचारलं तर म्हणाला, लहानपणापासून नाक चोंदलेलंच असतं, रात्री तोंडानेच श्वास घेतो. तोंडाने श्वास घेण्याचा आणि लांबोड्या चेहऱ्याचा संबंध डॉक्टर सांगतात, पण नाक चोंदलेल्या प्रत्येकाचा चेहरा लांब होत नाही, आणि आता नाक मोकळं झाल्याने याचाही बदलणार नव्हता. तरी झोप नीट लागली असती. दिवसा वाचलेलं डोक्यात न राहण्याचं ते एक कारण असू शकतं, आणि मी ते श्रावणातच विचारायला हवं होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. हनुवटीचं पुढे जास्तच खटकलं तर ऑर्थोडॉन्टिस्टना दाखव, ते बघून सांगतील, हेही सांगितलं. पण ते परीक्षेनंतर आणि त्याला स्वतःला हवं असेल तरच.

फोटो डिलीट कर असं म्हणाले नाही. रविवारऐवजी महिन्यातून एकदाच काढायचं त्याने कबूल केलं. पौषात आला तेव्हा तीन बोटं तोंडात जात होती. फोन त्याने स्वतःहूनच पुढे केला. भिंत तीच, पण फोटो दोन नवे होते, दोन्ही आबांचे. एक कवळीसह, एक कवळीशिवाय.