टेस्ट पास, तरी वायर सुटते

प्रश्न : चाकणला हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) लाइनवर क्यूसीत, म्हणजे माल तपासणीत आहे. कंटिन्युइटी बोर्डवर सगळं ओके, पण गाडीत बसल्यावर वायर टर्मिनलमधून सुटते. असं का?

उत्तर : अहो, तो बोर्ड फक्त करंट पलीकडे पोचतो का एवढंच बघतो, वायरमधल्या बाकीच्या बारीक तारा तुटून एकच धरून असली तरी दिवा हिरवाच. खरी गडबड क्रिंपमध्ये, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवतो त्या जोडात असते. क्रिंप हाइट (दाबलेल्या जोडाची उंची) टोकदार क्रिंप मायक्रोमीटरनेच मोजा, साधा कॅलिपर बर्रवर (दाबताना बाहेर आलेल्या धातूच्या कडेवर) टेकतो नि रीडिंग चुकतं. शिफ्ट सुरू होताना आणि टर्मिनलचं रील किंवा अ‍ॅप्लिकेटर (टर्मिनल दाबणारा साचा) बदलला की पुल टेस्ट घ्याच, म्हणजे वायर ओढून जोड किती जोराला सुटतो ते बघा, त्यात टर्मिनलची इन्सुलेशनवरची (वायरच्या प्लास्टिक आवरणावरची) पकड उघडी ठेवा नाहीतर ओढ तीच घेते आणि नंबर खोटा चांगला येतो. किमान जोर वायरच्या जाडीप्रमाणे ठरतो, आयपीसी-ए-६२० या हार्नेसच्या स्टँडर्डमध्ये टेबल आहे. ओढलेला पीस मात्र लगेच स्क्रॅप करा.