'एल'ची पाटी, जुनी गाडी आणि विमा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी अठरा वर्षांची झाली, लर्निंग लायसन्स हातात आलं. घरची वॅगन-आर माझ्या नावावर आहे, विमा 'फुल' आहे. तिने चालवायला घेतली तर कंपनीला कळवावं लागेल का? हप्ता वाढेल का? इंग्लंडमधली माझी बहीण म्हणते, तिकडे नवशिक्यांचा विमा भयंकर महाग असतो. (एक पालक, चिंचवड)

उत्तर : कळवायची गरज नाही, हप्ताही वाढत नाही. बहिणीचं म्हणणं खरं आहे, पण तिकडच्या विम्यात चालवणाऱ्याचं वय आणि अनुभव मोजतात. रोज गाडी मुलगा चालवतो आणि कागदावर मुख्य चालक म्हणून वडील दाखवले, तर तिथे ती फसवणूक ठरते. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ठरवताना सीसी, गाडीचं वय, तिची विमा-किंमत म्हणजे आयडीव्ही आणि नोंदणीचं ठिकाण पाहतात. मुंबई-पुणे 'ए' झोनमध्ये, उरलेला महाराष्ट्र 'बी'मध्ये.

खरी गोम पॉलिसीतल्या 'ड्रायव्हर्स क्लॉज'मध्ये आहे. सहसा कुणी न वाचलेला हा परिच्छेद सांगतो, की लर्निंग लायसन्सवाला गाडी चालवू शकतो, मात्र १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळला पाहिजे. म्हणजे लायसन्स मुदतीत हवं (मुदत सहा महिने, पक्क्या परीक्षेला ३० दिवसांनंतर बसता येतं). शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि ती गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. मागच्या सीटवर बसून सूचना देणारे काका धरले जात नाहीत, फक्त स्कूटरचं लायसन्स असलेला भाऊही नाही. आणि 'एल'ची पाटी पुढे आणि मागे, दोन्हीकडे : किमान १८ सेंमी बाजूची पांढरी पाटी, तिच्यावर किमान १० सेंमी उंचीचं लाल अक्षर. बहुतेक जण मागच्या काचेवर एक स्टिकर चिकटवून मोकळे होतात आणि पुढची पाटी राहून जाते.

अपघात झालाच, तर क्लेम फॉर्मवर चालवणाऱ्याचं खरं नाव लिहा. 'वडील चालवत होते' असं लिहायचा मोह गॅरेजवालेसुद्धा घालतात. पोलिसांच्या पंचनाम्यात किंवा सीसीटीव्हीत ते उघडं पडलं, की मिळू शकणारा क्लेमही खोट्या माहितीपायी जातो. लर्निंग लायसन्स हेही कायद्याने लायसन्सच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा लपवण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकाचा, म्हणजे फक्त तुमचा आहे. मुलीला तो लागू नाही. तिचं नाव घालून वेगळं वैयक्तिक अपघात संरक्षण मागून घ्या. एजंट आपणहून क्वचितच सुचवतात.

प्रश्न : मुलगा सतराचा आहे. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर शिकवलं तर चालेल ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिक असते, मग ते मैदान का असेना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कुणाला धडक बसली तर कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. एक वर्ष थांबा.

प्रश्न : मुलाला शिकण्यासाठी आणि पुढे दोन-तीन वर्षं कॉलेजला नेण्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. बजेट सगळं मिळून दोन लाख. ऑल्टो की आय-टेन? नेमकं काय तपासायचं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन लाखांची गाडी घेऊ नका, दीडची घ्या. टायर, बॅटरी, विमा आणि नावावर करण्याचा खर्च उरलेल्या पन्नास हजारांतून निघतो.

दोन्ही गाड्या चालतील. पण सीसी बघा. ऑल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसी, ऑल्टो के-टेन आणि सेलेरिओ ९९८ सीसी. या तिन्हींना १००० सीसीपर्यंतचा थर्ड पार्टी दर लागतो, जून २०२२च्या दरपत्रकात २,०९४ रुपये. आय-टेनचं लहान इंजिन १,०८६ सीसीचं, त्यामुळे ती पुढच्या गटात जाते : ३,४१६ रुपये, वर जीएसटी. तरीही आय-टेन पत्र्याने आणि बसायला बरी आहे. फरक दरवर्षी हजार-दीड हजाराचा आहे, तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका. ऑल्टो घेतलीत तर पॉवर स्टिअरिंग आहे का ते बघा, बेस मॉडेलला नसतं आणि पार्किंग शिकताना नवशिक्याचे हात भरून येतात. ८०० ला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदलाचा खर्च धरून भाव करा. बेल्ट तुटला की गाडी रस्त्यातच बसते. के-टेनला चेन असल्याने ही कटकट नाही. बजेट थोडं ताणता आलं तर जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी शोधा, तिथून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली.

कोल्हापूर, सांगली, चिपळूण या पट्ट्यात गाडी बघताना पहिली शंका पुराची. २०१९ आणि २०२१मध्ये बुडालेल्या गाड्या पॉलिश होऊन बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसेल. सीटच्या रुळांवरचा गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि एसी लावल्यावर येणारा कुबट वास लपवणं अवघड असतं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. वायरिंगचे रोग महिन्या-दोन महिन्यांनी डोकं वर काढतात आणि फिटरलाही पटकन सापडत नाहीत.

अपघाताची गाडी ओळखायला बॉनेट उघडून मडगार्डचे आणि बिजागऱ्यांचे नट पाहा. रंगावर पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग उतरवलेला आहे. मडगार्ड बदललेलं चालेल. पण पुढच्या अॅप्रनवर (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) किंवा दारांच्या खांबांवर हाताने केलेलं वेल्डिंग दिसलं तर नमस्कार करून निघा. मीटर सहज मागे फिरवता येतो, म्हणून रनिंगचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघा. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर मात्र ३५,००० दाखवतोय, तर गणित जमत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचेच समजा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. क्लचसाठी सपाट जागी हँडब्रेक लावा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते चालूच राहिलं तर प्लेट संपली. अर्धी झिजलेली प्लेट मात्र शिकाऊ माणसासाठी अडचण नाही. त्या कारणाने भाव पाडा आणि प्लेट मुलगा हाफ-क्लचवर चढ चढायला शिकल्यावरच बदला. आधी टाकलीत तर नवी जळेल.

कागदांत आरसीवरची मुदत पाहा. नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फेरनोंदणीचे ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर. बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलनं थकली आहेत का, एप्रिल २०१९पूर्वीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का, हे सगळं पैसे देण्याआधी पाहा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर चढलेलं नसेल, किंवा सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) उलटली असेल, तर क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

प्रश्न : घेतलेल्या गाडीचा विमा आधीच्या मालकाच्या नावावर आहे, सात महिने शिल्लक. तो संपेपर्यंत तसाच चालवला तर? (वाचक, सातारा)

उत्तर : थर्ड पार्टीचा भाग कायद्याने गाडीबरोबर तुमच्याकडे आलेला मानतात. गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. आरसी तुमची आणि पॉलिसी दुसऱ्याची असली, की तो क्लेम नाकारला जातो. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत द्या, फॉर्म २९ आणि ३० (आरटीओकडचे मालकी बदलाचे अर्ज) यांच्या प्रती जोडा. आरटीओकडे नाव बदलायला तुम्हाला ३० दिवस आहेत. कंपनी नो क्लेम बोनसचा, म्हणजे आधीच्या मालकाला क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेल्या सवलतीचा फरक भरायला सांगेल. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे त्यावर वाद घालून उपयोग नाही.

प्रश्न : मुलाने गेटच्या खांबाला बंपर घासला. गाडी सहा वर्षांची आहे, विम्याचं पहिलंच वर्ष. क्लेम करावा की खिशातून भरावं? (वाचक, ठाणे)

उत्तर : हिशेब मांडून बघा. बंपर ३,०००, रंगकाम २,४००, मजुरी ६००, एकूण ६,००० धरू. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात), म्हणून बंपरचे १,५०० मिळतील. रंगाच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ३०० जाऊन २,१००. मजुरी पूर्ण ६००. यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची १,००० रुपये वजावट गेली, हातात ३,२००. पुढच्या वर्षीचा २० टक्के बोनस बुडेल. गाडीच्या नुकसानीचा हप्ता ४,००० असेल तर तो ८०० रुपये. तुमच्या खात्यावर अजून बोनसच साचलेला नाही, त्यामुळे क्लेम करणं परवडतं. हाच ओरखडा ५० टक्के बोनसवाल्या, १०,००० हप्त्याच्या गाडीला पडला असता तर स्वतः भरा असं सांगितलं असतं.

शिकणं अजून चालू असेल तर मात्र घाई नको. दुसरा ओरखडा याच खांबावर येणार असतो. पण दोन वेगळ्या घटना एका क्लेममध्ये बसवता येत नाहीत, आणि जुनं-नवं खरचटणं सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, कळतं. बंपर सुटलेला नसेल आणि दिवा शाबूत असेल, तर पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत तसाच राहू द्या.