काका, आधी जागा ठरवा, मग भात शिजवा

निवृत्तीनंतर गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालायचं मनावर घेतलंत, छान केलंत. दिवस मात्र तापलेले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये भटक्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचे आदेश आले, तेव्हापासून गेटवरची वादावादी वाढलीय. त्यामुळे पहिलं काम कागदाचं. 22 ऑगस्टच्या आदेशाने रस्त्यात वाटेल तिथे खायला घालणं बंद झालं, नेमलेली जागाच लागते. वॉर्ड ऑफिस आणि सोसायटीची कमिटी, दोघांनाही लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जिना, गेट, मुलांची खेळायची जागा टाळा; 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण (ABC) नियमांतही तेच आहे.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- ग्लुकोज बिस्किटांचे पुडे फोडणं. त्यापेक्षा भात आणि उकडलेलं चिकन द्या. कांदा-लसूण नको, शिजवलेली हाडं तर नकोच.
- खाऊ घालून निघून जाणं. पत्रावळ उचला, सांडलेलं पुसा. बऱ्याच तक्रारी घाणीच्या असतात.
- पहिल्याच दिवशी डोक्यावरून हात फिरवणं.

कानाला खाच दिसली नाही, तर नसबंदी झालेली नाही असं धरून पालिकेला कळवा. रेबीजची लसही नसबंदीच्या वेळीच टोचून घेतात.

चावलंच, तर तिखट-हळद लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओरखडा असला तरीही.

ग्रुपवर कुणी डिवचलं तर उत्तर देऊ नका, अर्जाची पोच टाका. औषधपाण्याचं पुढे बघू.