व्हॅन येईपर्यंतचा वेळ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

"सात वर्षं आणि वरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आता फॉरेन्सिकवालेच घटनास्थळी येणार, मग काका, आम्ही ठाण्याच्या पोलिसांनी नुसता बंदोबस्त करायचा का?" असं विचारलंयस. कलम तू बरोबर वाचलंस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं. संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण फॉरेन्सिकची व्हॅन निघते जिल्ह्याच्या गावाहून, आणि खून झालेला असतो पाटणकडच्या एखाद्या वाडीत. ती पोचेपर्यंतचा वेळ तुझा. फॉरेन्सिक प्रयोगशाळेतल्या नोकरीत मी जे बिघडलेलं पाहिलं, ते बहुतेक त्याच वेळात बिघडलेलं होतं.

आपल्याकडे लोकांची मायाच आडवी येते. प्रेत उघडं दिसलं की कुणीतरी घरातली चादर आणून घालतं. त्या चादरीवर घरच्यांचे केस असतात, मांजराचे असतात, गोठ्यातला भुसा असतो. ते सगळं प्रेताच्या कपड्यांवर उतरतं आणि कपड्यांवरचं काही चादरीवर जातं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात 1910 साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढणाऱ्या एडमंड लोकारचं सूत्र तुमच्याकडून नाशिकच्या पोलीस अकादमीत पाठ करून घेतलं असेल, की दोन वस्तू एकमेकींना लागल्या की प्रत्येकीचं काहीतरी दुसरीवर राहतं. ते आरोपीइतकंच चादरीलाही लागू आहे. चादर पडलीच असेल तर बाजूला फेकू देऊ नको. वेगळ्या पुड्यात बांध आणि कुणी घातली ते पंचनाम्यात घे.

गळफासाचंही तसंच. घरचे लोक जीव असेल या आशेनं घाईघाईनं खाली घेतात, त्यांना बोल लावून उपयोग नाही. पण दोर तुझ्या हातात आला की गाठ सोडायची नाही. कापायची वेळ आलीच तर गाठीपासून लांब काप आणि कापलेली दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधून ठेव, म्हणजे तुझा काप कुठला नि नातेवाइकांचा कुठला हे डॉक्टरांना कळेल. गाठ कशी मारली होती यावरून पुष्कळ समजतं. सोडलेल्या गाठीवरून काहीच नाही.

आता रक्त. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आलेले मी किती उघडले त्याला गणती नाही. पिशवीचं तोंड सोडलं की आधी वास, मग बुरशी. ओलीत जंतू वाढतात आणि डीएनए खातात. कपडे सावलीत, पंख्याखाली वाळव, प्रत्येक कपडा वेगळा, खाकी कागदात. जळिताच्या गुन्ह्यात मात्र उलटं. कागदातून रॉकेल-पेट्रोलची वाफ उडून जाते, तिथं घट्ट झाकणाचा डबाच हवा.

आणि पंचनाम्यात "रक्ताचे डाग" असं कधी लिहू नको, "रक्तासारखे दिसणारे तांबडे डाग" एवढंच लिही. सांगलीच्या पोरीला सांगायला नको, हळदीच्या डागाला साबण लागला की तो कसा लाल होतो. हळदपेठेतल्या हमालाच्या धुतलेल्या सदऱ्यावर असा डाग पाहून एखादा उत्साही हवालदार खुशाल सदरा जप्त करील. आम्ही आधी डागाचा अंश ओल्या बोळ्यावर उचलतो, त्यावर फिनॉल्फ्थेलिनच्या द्रावाचा थेंब, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा. लगेच गुलाबी झालं तर रक्त असू शकतं. असू शकतं, इतकंच, कारण काही भाज्यांच्या रसानंही हा रंग येतो. मग पुढचा प्रश्न, रक्त माणसाचं का? "बोकड कापला होता साहेब" म्हणणारा माणूस खरंही बोलत असतो. कुणाचं, हा प्रश्न त्याच्याही नंतर.

डीएनएनं माणूस ओळखायची रीत अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये इंग्लंडात शोधली. खुनाच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली तेव्हा तिनं काय केलं माहितीय? पोलिसांपुढे कबुली दिलेला एक पोरगा निर्दोष ठरवला. खरा गुन्हेगार नंतर सापडला. एखादा संशयित लवकर कबूल झाला की ठाण्यात सगळ्यांचे चेहरे सैल पडतात, तेव्हा हे आठव.

विषाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्या ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात "औषध पिलं" हे वाक्य तुला वारंवार ऐकायला मिळणार. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, साधं खायचं मीठ, तळाशी न विरघळलेलं दिसेपर्यंत घातलेलं. फॉर्मेलिन नाही, त्यानं ऊती कडक होतात आणि विष बाहेर काढणं अवघड होतं. फॉर्मेलिनची बरणी सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी असते, ती वेगळी. मिठाच्या द्रावणाचाही थोडा नमुना सोबत आलाय ना, बघून घे. नाहीतर विष बरणीत आधीच नव्हतं कशावरून, असं वकील विचारतो, आणि त्याचं काही चुकत नाही. शेडमध्ये सापडलेली बाटली झाकणासकट पाठव. पाठवणीच्या पत्रात दवाखान्यात काय उपचार झाले, वास कसला होता, उलटी झाली का, सगळं लिही. "तपासून अहवाल मिळावा" एवढ्या एका ओळीवर आम्ही नेमकं काय शोधायचं?

इतकं करून सी.ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे आमच्या रासायनिक तपासणीच्या अहवालात, विष आलं, तरी ते कुणी दिलं हे त्यात येत नाही. शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1984 चा निकाल मुळातून वाच. पुण्यात 1982 साली सायनाइडनं झालेल्या मृत्यूचा खटला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हेतू, मृत्यू विषानंच झाला हे, आरोपीजवळ विष होतं हे, आणि ते द्यायची संधी, या चारही गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात. सायनाइड सापडलं होतं, तरी आरोपी सुटला. आत्महत्येची शक्यता पुसता आली नव्हती.

नदीत प्रेत सापडलं तर स्वच्छ बाटलीत तिथलं पाणी घे. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचं कवच वाळूच्याच द्रव्याचं असतं. बुडताना माणूस जिवंत असेल तर ते फुप्फुसातून रक्तात आणि हाडाच्या मगजात पोचतं. या चाचणीवर वाद आहेत, एकट्या तिच्यावर विसंबू नको. आणि कोयना कऱ्हाडला मिळाल्यावर कृष्णेचं पाणी तेच राहत नाही, म्हणून माणूस वर कुठे पडला असा संशय असेल तर तिथलंही पाणी घे.

लोक "नार्को लावा" म्हणून मोर्चे काढतील. सेल्वी खटल्यात 2010 सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की संमतीशिवाय नार्को नाही. त्यात वेळ घालवू नको.

सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटी सांगतो. 2022 मध्ये दिल्लीतल्या एका अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात डीएनए अहवाल विरोधात असूनही सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. नमुने बरेच दिवस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतच होते, त्यांना हात लागला नसेल असं म्हणता येईना, हे त्यातलं एक कारण. म्हणून पुडा कुणी बांधला, सील कुणाकडे राहिलं, मुद्देमाल कारकुनाकडे कधी गेला, कुठला शिपाई कधी घेऊन निघाला, सगळं त्याच दिवशी नोंदीत हवं. आमचा अहवाल त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 खाली आम्हाला न बोलावताही वाचला जातो. तुला मात्र पिंजऱ्यात उभं राहावंच लागतं, आणि तीन वर्षांनी विचारतात, "मॅडम, लाखेवरचा ठसा कुणाचा होता?"

दिवाळीला घरी येशील तेव्हा ठाण्यातल्या एखाद्या जुन्या पाठवणी पत्राची नक्कल, नावं झाकून, घेऊन ये. बसून दोघं दुरुस्त करू.

तुझा,
काका
विश्रामबाग, सांगली