इंजिन खाली बसले, हे कशावरून ओळखायचे?

टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या, विमानाच्या इंजिनाला धरून ठेवणाऱ्या रबरी माउंटबद्दल या सदरात मागे दोन ओळी लिहिल्या होत्या. तेव्हापासून पत्रे येत आहेत आणि निम्म्या पत्रांत एकच वाक्य आहे : "रबरच तर आहे, त्यात काय एवढे?" ओझरला एचटीटी-४० या टर्बोप्रॉप शिकाऊ विमानाची जुळणी सुरू झाल्यापासून विद्यार्थ्यांचे प्रश्नही वाढले आहेत. म्हणून या वेळी सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

इंजिन माउंट आणि आयसोलेटर एकच का? (डिप्लोमाचा विद्यार्थी, नाशिकरोड)

नाही. पोलादी नळ्यांचा सांगाडा म्हणजे माउंट. सांगाडा आणि इंजिन यांच्यामध्ये बसतो तो रबर व धातूचा तुकडा म्हणजे आयसोलेटर. हँगरमध्ये दोघांनाही माउंटच म्हणतात, म्हणून मागणी लिहिताना नावावर जाऊ नका, पार्ट नंबर लिहा. या सदरातही माउंट म्हणजे हा रबरी तुकडाच समजा.

एटीआर या टर्बोप्रॉप प्रवासी विमानात कोणती सीट कमी थरथरते? (प्रवासी, गंगापूर रोड)

मागची. प्रोपेलरच्या रेषेत येणाऱ्या पुढच्या रांगा टाळा.

जास्त नरम रबर बसवले तर केबिन शांत होईल ना? एका विक्रेत्याने तसे सांगितले. (चार्टर विमानाच्या मालकांचे व्यवस्थापक)

विक्रेत्याने अर्धे खरे सांगितले. मुळात माउंटचे काम आकड्यांत पाहा. प्रोपेलर मिनिटाला १७०० फेरे घेत असेल तर त्याच्या असमतोलाचा धक्का सेकंदाला साधारण २८ वेळा बसतो. पाती चार असतील तर पात्यांचा घुमणारा आवाज ११३ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ११३ कंपनांच्या, आसपास येतो. रबरावर टेकलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या १० हर्ट्झ असेल, तर २८ हर्ट्झच्या धक्क्याचा जेमतेम सातवा हिस्सा सांगाड्यात उतरतो. रबर कडक होऊन तीच संख्या २० वर गेली, की धक्का जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. माउंट जागेवर असते, दिसायला ठीक असते, पण काम शून्य. म्हणजे नरम रबराने कंपन अडते, हे बरोबर.

पण नरम रबर तेवढेच जास्त दबतेही. १० हर्ट्झसाठी ते इंजिनाच्या वजनाने सुमारे अडीच मिलिमीटर दबते, ५ हर्ट्झसाठी सुमारे १० मिलिमीटर. टेकऑफच्या जोरात, खडबडीत लँडिंगमध्ये इंजिन किती हलू द्यायचे, याचे गणित विमान बनवणाऱ्याने आधीच मांडलेले असते. वरचे आणि खालचे माउंट अनेकदा वेगळ्या कडकपणाचे असतात आणि इंजिनाच्या गुरुत्वमध्याकडे तोंड करून तिरके बसवलेले असतात. त्यात आपल्या मनाने नरम-कडक करायला वाव नाही. मंजूर पार्ट्स कॅटलॉगमध्ये पर्यायी माउंट दिले असेल, किंवा त्यासाठी एसटीसी (विमानातील बदलाला मिळालेले पूरक प्रमाणपत्र) असेल, तरच ते घ्या. तेही तुमच्या एएमईला, म्हणजे परवानाधारक देखभाल इंजिनिअरला, विचारून. आणि केबिनमधला आवाज मोजून घेतल्याशिवाय माउंटवर दोष टाकू नका. प्रोपेलर असमतोल असला तरी प्रवाशाची तक्रार हीच असते.

आम्ही मोटारींचे रबर बुश बनवतो. त्याच शोअर हार्डनेसचे माउंट चौथाई किमतीत देऊ शकतो. का चालू नये? (उद्योजक, सातपूर)

कारण शोअर हार्डनेस म्हणजे कडकपणाची एका बिंदूवर, स्थिर अवस्थेत घेतलेली नोंद. माउंटला सतत कंपनात, तापलेल्या इंजिनाजवळ, वर्षानुवर्षे तोच कडकपणा राखायचा असतो. रबर आणि धातू यांचा जोड सुटला तर हार्डनेस तुम्हाला काहीच सांगणार नाही. कौशल्य तुमच्याकडे आहे याबद्दल मला शंका नाही. मग ते सरळ मार्गाने वापरा : डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाकडे) अर्ज, चाचण्या, मंजुरी. कागदांशिवाय एखाद्या हँगरला 'तात्पुरता' नग देऊ नका. बसवणाऱ्याचा परवाना जाईल, आणि जाण्यासारखे त्याहून मोठेही काही असते.

स्पिनरचा (प्रोपेलरच्या टोकावरच्या टोपीचा) वरचा काठ काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) खाली गेलेला दिसतो. मोठा चेक तीन महिन्यांवर आहे. तोवर चालेल ना? सगळे म्हणतात, थोडे बसतेच. (तंत्रज्ञ, ओझर परिसर)

हा प्रश्न मला वर्षभरात सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि दर वेळी त्यात 'तोवर' हा शब्द असतो. म्हणून सविस्तर लिहितो.

थोडे बसते, हे खरे. इंजिन आणि प्रोपेलर मिळून शेकडो किलो वजन रबरावर रात्रंदिवस टांगलेले असते, आणि भाराखाली रबर हळूहळू सरकतच जाते. उष्णता आणि वरून ठिबकणारे तेल ते सरकणे वाढवतात. पण 'थोडे' म्हणजे किती, हे 'सगळे' ठरवत नाहीत, मॅन्युअल ठरवते. मर्यादेपलीकडे बसलेल्या माउंटमध्ये धातूला धातू टेकू लागतो. मग रबर असून नसल्यासारखे. एग्झॉस्टची नळी काउलिंगला घासते. इंजिनाच्या कंट्रोलची जुळणी बिघडते.

माझ्यासमोर आलेले एक विमान आठवते. खालची दोन माउंट नवी, वरची जुनीच ठेवलेली, कारण "वरची चांगली दिसत होती". इंजिन वाकडे बसले होते आणि एग्झॉस्टजवळ काउलिंगचा पत्रा घासून पातळ झाला होता. पैसे वाचवायला अर्धा संच बदलला आणि काउलिंगचे काम अंगावर आले. माउंट पूर्ण संचात बदला.

आणि इलेक्ट्रा विसरू नका. २९ सप्टेंबर १९५९ ला टेक्सासमध्ये आणि १७ मार्च १९६० ला इंडियानामध्ये लॉकहीड इलेक्ट्रा हे चार इंजिनांचे टर्बोप्रॉप विमान हवेतच मोडले. पहिल्या अपघातात ३४, दुसऱ्यात ६३ माणसे गेली. इंजिनाचा आधार ढिला पडला की फिरणारा प्रोपेलर भोवऱ्यासारखा डोलू लागतो. आधार ताठ असेल तर हे डोलणे आपोआप शमते. ढिला असेल तर वेगात वाहणारी हवाच त्याला जोर देते, डोलणे वाढत जाते आणि पंखाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले की पंख तुटतो. उत्तर सापडेपर्यंत विमानांचा वेग कमी ठेवावा लागला, नंतर नॅसेल (पंखावरचे इंजिनाचे घर) आणि पंख मजबूत केले. तेव्हापासून विमानाच्या प्रमाणपत्रासाठी इंजिनाच्या आधाराचा कडकपणा आणि शमन बदलले तर काय होईल, हे तपासावे लागते. तुमचे बसलेले रबर म्हणजे इलेक्ट्रा, असे मी म्हणत नाही. ती तपासणी ज्या मर्यादांच्या आत केली, त्यांच्या बाहेर विमान नेण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे म्हणतो.

तेव्हा करायचे काय? उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, स्पिनर आणि काउलिंगमधले अंतर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. तारीख आणि उड्डाणाचे तास घालून लिहा. रबरावर खोल भेग, धातूपासून सुटलेली कड, घासल्याची भुकटी दिसते का पाहा. मर्यादेबाहेर असेल तर विमान उडवायचे नाही. मर्यादेत असेल तर पुढची मोजणी कधी, हे एएमई ठरवतील. चेकच्या तारखेची वाट पाहायची नाही.

डब्यातून न काढलेले माउंट निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावे का? (नाव नको)

आधी रबराची क्युअर डेट, म्हणजे रबर पक्के केल्याची तारीख, विचारा. डबा बंद असला तरी रबराचे वय थांबत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात तर मुळीच नाही. मग सीए फॉर्म १ (भाग वापरास योग्य असल्याचा दाखला) किंवा त्याच्या बरोबरीचे मूळ प्रमाणपत्र मागा आणि ते देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घ्या. जेट इंजिनांच्या सुट्या भागांना खोटी कागदपत्रे जोडल्याचे प्रकरण २०२३ मध्येच जगभर गाजले. "कागद मागाहून पाठवतो" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

माउंट रॉकेलने पुसले तर चालते का? आणि वरून सिलिकॉन स्प्रे? (विद्यार्थी, सिन्नर)

दोन्ही नाही. मॅन्युअल सांगेल त्यानेच पुसा, आणि तेल कुठून गळते ते आधी शोधा.

माउंट बदलल्यावर प्रोपेलरचे बॅलन्सिंग पुन्हा करावे का? (तंत्रज्ञ, जळगाव)

करून घ्या. क्रम मात्र हाच : आधी माउंट, मग बॅलन्स. बसलेल्या माउंटवर घेतलेले रीडिंग नव्या माउंटवर लागू होत नाही. कमाल कंपन किती चालते, तो आकडा तुमच्या इंजिनाच्या आणि प्रोपेलरच्या मॅन्युअलमधून एएमईसमोर बसून घ्या.