लेखनबंद पानावर कर्नलला कोण अडवते?

प्रश्न : लिनक्सवर एमप्रोटेक्ट (स्मृतीच्या पानांच्या परवानग्या बदलणारा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली विनंती) वापरून मी स्मृतीचे एक पान केवळ वाचनासाठी राखले. प्रोग्रॅमने त्यावर लिहिताच सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम बंद पडतो. पण त्याच पानाचा पत्ता फाइलमधील मजकूर स्मृतीत आणणाऱ्या रीड या सिस्टिम कॉलला दिला, तर प्रोग्रॅम चालू राहतो आणि फक्त ईफॉल्ट (चुकीचा पत्ता) ही त्रुटी मिळते. येथे लिहिणारा तर कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा आहे; मग त्याला कोण अडवते?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : त्याला प्रोसेसरच अडवतो, मात्र कर्नलने तशी सोय स्वतःच करून ठेवलेली असते. एक्स८६ प्रोसेसरवर ४,०९६ बाइटांच्या प्रत्येक पानाची पेज टेबलमध्ये (पानांचे पत्ते व परवानग्या यांच्या तक्त्यात) एक नोंद असते. तिच्यातील लेखनाची परवानगी देणारा बिट एमप्रोटेक्ट काढून घेतो आणि टीएलबीत (अशा नोंदींच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोसेसरमधील जलद साठ्यात) उरलेली जुनी नोंदही रद्द करतो.

इंटेलच्या १९८५ च्या ८०३८६ या प्रोसेसरवर हा बिट फक्त सामान्य प्रोग्रॅमांना बांधील असे. कर्नलचे लेखन त्याला न जुमानता पार पडे. सर्वाधिकारी कर्नलला हे शोभणारेच आहे असे वाटेल, पण त्यात मोठा धोका होता. फोर्कनंतर (चालू प्रोग्रॅमची, म्हणजे प्रक्रियेची, दुसरी प्रत सुरू करणाऱ्या सिस्टिम कॉलनंतर) दोन प्रक्रिया जी पाने सामाईक वापरतात, ती लेखनबंद ठेवलेली असतात आणि कोणी लिहू लागल्यावर जो फॉल्ट होतो (प्रोसेसर ते लेखन थांबवून कर्नलकडे सोपवतो), त्याच वेळी पानाची वेगळी प्रत काढली जाते. फॉल्टच झाला नाही, तर प्रत निघत नाही आणि एकीसाठी वाचलेला मजकूर दुसरीच्याही स्मृतीत उमटतो. म्हणून लिनक्सला लिहिण्यापूर्वी परवानगी स्वतः तपासावी लागे. तपासणी आणि लेखन यांच्या मधल्या क्षणी स्थिती पालटली, तर ती तपासणीही व्यर्थ जाई. संरक्षणाच्या कोडमध्ये मला सर्वाधिक भीती अशाच फटींची वाटते.

१९८९ च्या ८०४८६ मध्ये सीआर० या नियंत्रण रजिस्टरात (प्रोसेसरच्या आतील छोट्या साठ्यात) डब्ल्यूपी नावाचा बिट आला आणि तो लावल्यावर कर्नललाही फॉल्ट होऊ लागला. ज्या ८०३८६ वर लिनक्स जन्मला, त्याचा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढण्यात आला.

तुमच्या उदाहरणात फॉल्ट झाल्यावर कर्नल त्या पत्त्याच्या व्हीएमएमध्ये (स्मृतीच्या त्या भागाबद्दल कर्नलने ठेवलेल्या नोंदीत) लेखनाची परवानगी शोधतो. ती नसल्यामुळे तो एक्सेप्शन टेबलमध्ये (फॉल्ट होऊ शकणाऱ्या कर्नलच्या आज्ञांच्या यादीत) त्या आज्ञेसाठी नेमलेल्या पर्यायी कोडकडे वळतो आणि प्रोग्रॅमला सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल न पाठवता ईफॉल्ट परत करतो. रीडला दिलेला बफर (मजकूर ठेवण्याची जागा) दोन पानांवर पसरलेला असून दुसरेच पान लेखनबंद असेल, तर साध्या फाइलसाठी रीड बहुधा त्रुटीऐवजी पहिल्या पानात मावलेल्या बाइटांची संख्या देतो; म्हणून त्रुटीबरोबर ती संख्याही अवश्य तपासावी.