दारावरच्या फोन-पॅनेलमध्ये नंबर भरताना

प्रश्न : आमच्या २४ सदनिकांच्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर टेलिफोनला जोडलेले पॅनेल आहे. पाहुण्याने कोड दाबला की रहिवाशाच्या फोनची रिंग वाजते आणि रहिवाशाने ९ दाबला की दार उघडते. हे काम इतकी वर्षे पाहणारे गृहस्थ इमारत सोडून गेले आणि समितीने ते माझ्याकडे सोपवले. मी चार नव्या रहिवाशांचे नंबर भरले. दोघांचे व्यवस्थित चालतात, तिसऱ्यांना फोन लागतच नाही आणि चौथ्यांना लागतो, पण त्यांनी कितीदाही ९ दाबला तरी दार उघडत नाही. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर : दोन नोंदी चालत आहेत, याचाच अर्थ पॅनेल, टेलिफोनची जोडणी आणि दाराचे विजेचे कुलूप ही तिन्ही ठीक आहेत. त्यामुळे तंत्रज्ञाला बोलावण्याची घाई करू नका.

तिसऱ्या रहिवाशांचा नंबर तुम्ही बहुधा तुमच्या मोबाइलमध्ये दिसतो तसाच भरला असावा. मोबाइल अधिकचे चिन्ह आणि देशाचा संकेतांक समजून घेतो; पॅनेल मात्र बिचारे दिलेले आकडे त्याच क्रमाने फिरवते, त्यापलीकडे काही जाणत नाही. म्हणून ज्या लाइनवर पॅनेल जोडलेले आहे, त्या लाइनवरून तो नंबर लावताना जे जे आकडे दाबावे लागतात, ते सर्व नोंदीत असले पाहिजेत : बाहेरगावचा नंबर असेल तर सुरुवातीचा संकेतांक आणि लाइन अंतर्गत एक्स्चेंजमधून (इमारतीतले फोन एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रातून) येत असेल तर बाहेरची लाइन घेण्याचा आकडा व त्यानंतरचा छोटा विराम. खात्री करण्याचा उपाय साधा आहे. त्याच लाइनला एक साधा फोन जोडा (पॅनेल सिमकार्डावर चालत असेल तर ते सिम थोडा वेळ एखाद्या मोबाइलमध्ये घाला) आणि नोंदीतले आकडे जसेच्या तसे दाबा. तेथून फोन लागला नाही, तर पॅनेललाही तो लागणार नाही.

चौथ्या रहिवाशांची अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. फोनवर ९ दाबला की ८५२ आणि १४७७ हर्ट्झ असे दोन स्वर एकाच वेळी निघतात. पॅनेल ती जोडी ओळखते आणि काही सेकंदांपुरते कुलूप सोडते. आवाज इंटरनेटवरून जात असेल, तर तो माणसाच्या बोलण्याला सोयीचा असा आकसून पाठवला जाऊ शकतो आणि त्यात या स्वरांची मोडतोड होते. अशा वेळी दाबलेल्या कळीची माहिती आवाजापासून वेगळी पाठवण्याची सोय फोनच्या किंवा सेवेच्या सेटिंगमध्ये चालू करून घ्यावी लागते. घरात जुना लँडलाइन फोन असेल तर त्याच्या बुडाशी असलेली टोन-पल्स कळ पाहा. ती पल्सवर असेल तर फोन स्वरांऐवजी नुसते खटके पाठवतो आणि पॅनेलला त्यांचा काही बोध होत नाही.

मात्र दोष फोनचा की नोंदीचा, हे आधी ठरवा. चौथ्यांच्या नोंदीत थोडा वेळ पहिल्या रहिवाशांचा नंबर भरा आणि त्यांना ९ दाबायला सांगा. दार उघडले तर नोंद ठीक आहे, दोष चौथ्यांच्या फोनमध्ये आहे. उघडले नाही, तर त्या नोंदीला दार उघडण्याची परवानगी दिलेली नाही किंवा ती दुसऱ्याच दाराला जोडली गेली आहे.

नंबर भरण्याची रीत प्रत्येक पॅनेलची निराळी असली तरी तिचा गाभा एकच असतो : मास्टर कोड (पॅनेलच्या नोंदी बदलण्याची मुभा देणारा गुप्त आकडा), नोंदीचा क्रमांक, टेलिफोन नंबर आणि शेवटी नोंद पक्की करणारी कळ. ही शेवटची कळ दाबल्यावर येणारा बीप नीट ऐका. मध्येच विचार करत थांबलात तर बरीच पॅनेल आपोआप बाहेर पडतात आणि अर्धवट भरलेला नंबर वाया जातो. आकडे आधी कागदावर लिहून घ्या आणि एक नोंद दारात उभे राहून तपासल्याखेरीज दुसरीला हात लावू नका.

आता जे तुम्ही विचारले नाही, पण मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते, ते सांगतो. नवे नंबर भरण्याची आठवण सर्वांना राहते, जुने पुसण्याची कोणालाच राहत नाही. सोडून दिलेला नंबर टेलिफोन कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. म्हणजे तुमच्या इमारतीचे दार उघडण्याची मुभा उद्या अगदी परक्या माणसाच्या हातात असू शकते. नोंदवलेल्या मोबाइलवरून नुसता कॉल आला की दार उघडणारी पॅनेलही असतात. तेथे इमारत सोडून गेलेला रहिवासी जणू किल्ली खिशात घेऊनच गेलेला असतो. म्हणून सर्व २४ नोंदी एकदा वाचून काढा, वहीत क्रमांक, कोड, नंबर आणि भरल्याची तारीख लिहा आणि ती वही कुलपात ठेवा. पॅनेलचा मुख्य बोर्ड कधी बदलावा लागला तर सर्व नंबर याच वहीवरून पुन्हा भरावे लागतील. मास्टर कोडही आजच बदला. आधीच्या गृहस्थांवर अविश्वास म्हणून नव्हे. ज्याच्याकडे काम त्याच्याकडेच कोड असावा म्हणून. तो अजून कारखान्यातून आलेलाच असेल तर तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका कोणालाही मिळू शकते. पाहुण्यांनी दाबायचा कोड सदनिकेच्या क्रमांकाहून वेगळा ठेवा, म्हणजे दारावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कोण कोठे राहते याचा अंदाज येणार नाही.

प्रश्न : दारावरून आलेला कॉल कधी कधी माझ्या मोबाइलवर वाजतच नाही आणि थेट व्हॉइसमेलवर जातो. असे का होते?

उत्तर : अनोळखी नंबर शांत ठेवण्याची किंवा ठरावीक वेळी सर्वच कॉल शांत ठेवण्याची सोय तुमच्या फोनवर बहुधा चालू असावी. पॅनेलचा नंबर संपर्कयादीत जतन करा आणि ‘व्यत्यय नको’ या सेटिंगमधून त्याला सूट द्या. व्हॉइसमेलच्या स्वागतसंदेशात ९ चा स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची एक युक्ती लोक एकमेकांना सांगतात. ती कृपया करू नका, कारण तुम्ही फोन उचलला नाही की दारात कोणीही असो, दार आपोआप उघडेल.